‘माझ्याकडे तर चालते!’

अलीकडे एक वाक्य फार बोकाळले आहे. एकाने करून दिलेले काम दुसऱ्याच्या संगणकावर उघडेना, तारखा उलटसुलट दिसू लागल्या, अक्षरांच्या जागी किडेमुंग्या आल्या आणि गरजवंताने धास्तावून विचारले, की करून देणारा गृहस्थ मोठ्या शांतपणे सांगतो, “माझ्याकडे तर चालते!” एवढ्या तीन शब्दांनी त्याची बाजू निर्दोष ठरते आणि सगळे खापर विचारणाऱ्याच्या यंत्रावर, नाहीतर त्याच्या अडाणीपणावर फुटते. विचारणारा खेड्यातला असला तर तो ते निमूटपणे पत्करतोही. मला या वाक्याविरुद्ध लिहायचे आहे.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे काही मित्र विचारतील. संगणक बिघडला तर संगणकवाल्याला बोलवावे. आपण मराठीचे, इतिहासाचे विद्यार्थी, आपला काय संबंध? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. एका संगणकावर चालणारा डेटाबेस दुसऱ्यावर चालेनासा होतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्रात काही मोडलेले नसते. कोणीतरी काहीतरी गृहीत धरलेले असते आणि ते लिहून ठेवलेले नसते. गृहीत धरलेले शोधून काढणे आणि ते दुसऱ्याला समजेल असे लिहिणे, हे काम आपल्या शाखेचे नव्हे तर कोणाचे?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची मी शाळेत असल्यापासून सभासद आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरात अभ्यासाला निराळी जागा नाही, म्हणून वाचनालयातल्या खिडकीजवळच्या बाकावर माझे निम्मे आयुष्य गेले आहे असे म्हटले तरी चालेल. या वाचनालयात चार हजारांवर पुस्तके आहेत. त्यांची यादी एका निवृत्त गुरुजींनी संगणकावर चढवली. रोज दुपारी दोन तास, एका बोटाने, चार वर्षे. मानधन काही नाही. यादी ठेवण्याचे सॉफ्टवेअर बाहेरगावच्या एका तरुणाने करून दिले होते. पुढे तो नोकरीला लागला आणि गाव सुटले.

तो जुना संगणक चालू होता तोवर सगळे सुरळीत होते. मग तो सकाळी सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागला. एका दात्याने नवा दिला. जुन्यावरची फाइल पेन ड्राइव्हवरून नव्यावर आणली, आणि सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि सगळे मिटायचे. फोन केला. उत्तर काय आले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. गुरुजी दोन दिवस वाचनालयात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि मला म्हणाले, “काय गं पोरी, गेलं म्हणायचं का सगळं?”

पुढच्या बैठकीत दोन सूचना निघाल्या. एक, सगळी यादी ठरावीक दराने कोणाकडून तरी नव्याने टंकून घ्यावी. दुसरी, नवी यादी झाली की हस्तलिखित दाखल नोंदवह्या रद्दीत द्याव्यात. त्यांना वाळवी लागली आहे आणि कपाट अडले आहे. आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्याखाली मान्यता आणि अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. अनुदान त्या वर्गावर आणि वर्ग दप्तरावर अवलंबून. तपासणीच्या वेळी कपाटातले पुस्तक यादीत आणि यादीतले पुस्तक कपाटात दाखवता आले पाहिजे. तेव्हा या सूचना मूर्खपणाच्या नव्हत्या. त्या घाबरलेल्या माणसांच्या होत्या. मला मात्र दोन्ही अमान्य होत्या आणि आजही आहेत. न चालण्याचे कारण न शोधता पुन्हा टंकले, तर पाचसहा वर्षांनी तिसऱ्या संगणकावर हीच रड. आणि तेव्हा पडताळायला वह्याही उरणार नाहीत.

डेटाबेस म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. हार्मोनियम उचलून नेली आणि भाता मागे राहिला तर सूर कुठून निघणार? माहितीची फाइल असते, ती दाखवणारी आज्ञावली असते, त्या दोघांमधला दुवा असतो, अक्षरांचा फॉन्ट असतो आणि तारीख कशी वाचायची याचे संगणकाचे स्वतःचे ठरलेले असते. जुन्या संगणकावर या सगळ्या गोष्टी वर्षानुवर्षे, कोणाच्या लक्षातही न येता, एकेक करून गोळा झालेल्या असतात. नव्यावर आपण फक्त फाइल नेतो.

पडद्यावरची ती इंग्रजी ओळ आम्ही प्रथम वहीत उतरवून घेतली. माझा मावसभाऊ बीसीए करतो, तो सुट्टीला आला होता. ओळीचा अर्थ एवढाच होता की अमुक नावाचा दुवा या संगणकावर नोंदलेला नाही. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला हे चटकन समजेल. दुवा म्हणजे दुभाषा. उमदीच्या बाजारात एकाला नुसते कन्नड येते, दुसऱ्याला नुसते मराठी. मध्ये दोन्ही जाणणारा उभा असला तर सौदा होतो. जुन्या संगणकात दुसऱ्याच कुठल्या पॅकेजबरोबर हा दुभाषा आपोआप येऊन बसला होता. नव्यात तो आलाच नव्हता. एका दुकानदाराने तो चढवून दिला, तरी ओळ तीच! येथे बहुतेक जण हात टेकतात. भावाने सांगितले की दुभाषा ३२ बिटांचा बसवला आहे आणि आज्ञावली या नव्या संगणकावर ६४ बिटांची होऊन धावते आहे. एकाच घरात असून दोघांची गाठ पडत नाही. जुना संगणक सगळाच ३२ बिटांचा, म्हणून तिथे हा प्रश्न कधी उपटला नव्हता. ३२ चा काढून ६४ चा बसवला आणि ओळ बदलली. ओळ बदलली याचा मला जो आनंद झाला तो सांगून कोणाला खरा वाटणार नाही. आता आज्ञावली म्हणत होती की फाइल सापडत नाही. ती ‘डी’ नावाच्या कप्प्यात शोधत होती, आणि नव्या संगणकाला ‘डी’ कप्पाच नव्हता. पारावरून डावीकडे तिसरे घर, हा पत्ता त्या गावापुरता बरोबर असतो. पाकिटावर लिहून पोस्टात टाकण्याजोगा नसतो.

या प्रकारच्या चुकीला लहानमोठे कोणी अपवाद नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपीय देशांचे एरियान-५ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटले. त्यातल्या सॉफ्टवेअरचा एक भाग एरियान-४ वरून जसाच्या तसा उचलला होता आणि त्या जुन्या यानावर तो निर्दोष चालला होता. नवे यान अधिक वेगवान. त्याच्या आडव्या वेगाचा आकडा १६ बिटांच्या खणात मावेना, गणित कोसळले आणि यानाची दिशा सुटली. आकडा एवढ्याच खणात मावेल, हे जुन्या यानापुरते खरे होते. नव्या यानासाठी ते कोणी पुन्हा तपासले नाही. तेथेही ‘जुन्यावर तर चालते’ हाच भरवसा होता.

आमची यादी अखेर उघडली. पण मराठीचे एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे यांचा नुसता चिवडा. आणि येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे बीसीएवाला थांबला आणि एफ.वाय.ला भाषाविज्ञानाची तोंडओळख झालेली मी कामाला आले.

आपल्याकडे वर्षानुवर्षे जे मराठी संगणकावर टंकले गेले, त्यातले पुष्कळसे मराठी नव्हतेच. ‘कृतिदेव’ या सर्वपरिचित फॉन्टमध्ये ‘राम’ टंकले, तर फाइलमध्ये जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे साठवली जातात. फॉन्ट फक्त त्यांना र, काना आणि म यांचे कपडे चढवतो. कपडे काढले की आत जे, के, ई. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे सोंग उघडे पडते. मग फॉन्ट आणून बसवला की झाले, असे कोणी म्हणेल. दिसायला दिसेल, पण शोधायला आणि अकारविल्हे लावायला गेले की क नंतर ख येणार नाही, रोमन अक्षरांचा क्रम येईल. कागदावर छापायला हे मराठी पुरेसे होते, म्हणून ते चालले. याद्या करायला ते मुळीच पुरेसे नव्हते.

असे का झाले याचा थोडा इतिहास आहे. पुण्यात सी-डॅक ही संस्था १९८८ साली निघाली. भारतीय लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. जगातल्या सर्व लिप्यांसाठी निघालेल्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे औषध ३५ वर्षांपूर्वीच निघाले होते. पण घरोघरच्या संगणकांत ते पोचायला विंडोज २००० उजाडावे लागले, आणि त्यानंतरही सवय सुटली नाही. डोळ्यांना मराठी दिसले की काम झाले, एवढेच आपण पाहिले. आत काय साठते आहे हे विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे बसवून दिले त्यावर त्यांनी टंकले.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. लोक म्हणतात, जे चा र करा, के चा काना करा, सोपे आहे. सोपे नाही. या जुन्या टंकपद्धतीत ख, ण, भ, श ही अक्षरे अर्धे अक्षर अधिक उभी रेघ अशी बनतात, आणि ती उभी रेघ म्हणजे तीच ‘के’ची कळ, जी कान्याचीही आहे. कुठला ‘के’ काना आणि कुठला अक्षराचाच दांडा, हे कसे ठरवायचे? ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या अलीकडे दिसते म्हणून अक्षराच्या अगोदर टंकलेली, उच्चार मात्र नंतरचा. रफार डोक्यावर म्हणून नंतर टंकलेला, उच्चार अगोदरचा. ‘कर्म’ यात र् आधी आणि म नंतर, हे आपण तिसरीत शिकलो. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते. जोडाक्षराची फोड करता येणाऱ्या माणसालाच ते सांगता येते.

रूपांतर झाले. मग एके दिवशी महात्मा फुल्यांचे, १८८३ साली लिहून पुरे झालेले ‘शेतकऱ्याचा असूड’ शोधले, तर यंत्र म्हणाले नाही. कपाटात दोन प्रती समोर दिसत होत्या! आपल्या मराठीतला हा ‘ऱ्य’, दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर यांतला, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्यासाठी निराळा र आहे. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. छापून दोन्ही हुबेहूब सारखे. डोळा फसतो, यंत्र फसत नाही. त्याला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. ‘ॲ’ची तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्यापूर्वीच्या लोकांनी अ वर चंद्र ठेवून काम भागवले, त्यामुळे एकच ‘ॲटलास’ यादीत दोन ठिकाणी. या चुका शोधायला आज्ञावलीचे ज्ञान लागत नाही. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द आहेत हे ठाऊक असावे लागते.

तारखांचे प्रकरण सर्वांत लबाड. पुस्तक दाखल झाल्याची तारीख मजकूर म्हणून साठवलेली होती: ०३/०४/२०११. आपल्या हिशेबी ३ एप्रिल. नव्या संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, तो महिना आधी वाचतो. त्याच्या लेखी ४ मार्च. पण १३/०४/२०११ आली की तेरावा महिना नसल्याने तो मुकाट्याने १३ एप्रिल वाचतो. म्हणजे काही तारखा बरोबर, काही चूक, आणि चुकीची सूचना एकही नाही. जे सॉफ्टवेअर उघडतच नाही ते एकवेळ प्रामाणिक. उघडून खोटे सांगणारे अधिक घातक, कारण तपासणीपर्यंत कोणी संशयच घेत नाही. कोणाचा विश्वास बसत नसेल तर त्याने आपल्या संगणकावर हा प्रयोग करून पाहावा.

मग यादी बरोबर आहे हे ठरवायचे कसे? याचे उत्तर मला आपल्याच महसूल खात्याच्या एका जुन्या रीतीत सापडले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत फरक राहू नये म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. यादी मोठ्याने वाचायची, आणि ज्याचे त्याने ऐकून सांगायचे. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. पण आपल्या गटाचे क्षेत्र आणि पणजोबांपासूनची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. चुकीचे नाव त्यांच्या कानाला लगेच खटकते. संगणकाची तपासणी करायला संगणक आलाच पाहिजे असे नाही, हे मला त्यावरून पटले. ज्याला मूळ वस्तू माहीत आहे, त्याच्यासमोर वाचा.

वाचनालयात आम्ही तेच केले. गुरुजी दाखल नोंदवही घेऊन बसतात, एक जण पडद्यावरचे वाचतो. “दाखल क्रमांक अमुक, लेखक अमुक, किंमत अमुक.” गुरुजी “हं” म्हणतात, नाहीतर “थांब” म्हणतात. वाळवीने खाल्लेल्या त्या वहीशिवाय हे वाचन होणे शक्य नव्हते. आता बैठकीत वह्या रद्दीत द्यायचे कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट केली ती एका फुलस्केप कागदाची. त्यावर मराठीत लिहिले आहे: दुवा कुठला आणि किती बिटांचा, फाइल कुठल्या कप्प्यात, तारीख कशी, अक्षरे युनिकोड, ‘ऱ्य’ कुठल्या रीतीचा, पडद्यावर कुठल्या ओळी आल्या आणि तेव्हा काय केले. कागद संगणकाच्या बाजूला भिंतीवर डकवला आहे. मग तो ज्याने वाचला नव्हता अशा एका बारावीच्या मुलाला बोलावून, दुसऱ्याच संगणकावर, आमच्यापैकी कोणी न बोलता, सगळे नव्याने बसवायला सांगितले. दोन ठिकाणी तो अडला. त्या दोन ओळी नव्याने लिहिल्या. मला वाटते, करून देणाऱ्याचे पैसे या परीक्षेनंतरच चुकते करावेत. वाचनालय असो, दूध संस्था असो की सोसायटी, ठरावातच घालावे: दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाच्या हाताने चालवून दाखवल्यावर काम पूर्ण समजले जाईल. ही अट घातली तर कोणी काम घेणार नाही, असे समितीतल्या एका काकांचे मत पडले. घेणार नसेल तर तो यादी करून देत नव्हता, आपल्याला स्वतःशी बांधून ठेवत होता, असे समजावे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. प्रत्येक वाचनालयाला बीसीए करणारा मावसभाऊ कुठून मिळणार? खरे आहे. दुभाषा ३२ की ६४ हे मला एकटीला सुचले नसते. पण आमच्या कामाचे दिवस मी मोजले तर त्याचा भाग दोन दिवसांचा, आणि अक्षरे, तारखा, वाचन यांचा भाग चार महिन्यांचा झाला. त्या दोन दिवसांसाठी माणूस मिळतो. चार महिन्यांसाठी मिळत नाही, कारण ते काम आपले आहे असे ज्यांना वाटायला हवे त्यांना वाटत नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आपल्या वर्गात पुष्कळांपाशी आहे; व्याकरणाचे पुस्तक सगळ्यांपाशी आहे.

आता दाखल क्रमांक २३०० पर्यंत वाचन झाले आहे. कन्नड पुस्तकांचे कपाट मात्र तसेच राहिले आहे. गुरुजी पश्चिमेकडचे, त्यांनी ती नावे लोकांना विचारून, कानाला जशी लागली तशी देवनागरीत टंकली. कन्नडमध्ये ए आणि ओ यांना ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन अक्षरे आहेत, आपल्या रोजच्या देवनागरीत एकेकच. त्यामुळे एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी आले आहे, आणि कुठले खरे ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. ती नावे कन्नड लिपीतच नव्याने घालावीत असे ठरले आहे. आपल्या महाविद्यालयात उमदी, संख, बिळूर भागातून येणारे आणि कन्नड शाळेत शिकलेले पुष्कळ जण आहेत. वाचन रविवारी सकाळी दहाला सुरू होते. वाचनालय कोणते ते मला वर्गात विचारावे. दोघे आले तरी ते कपाट महिन्याभरात होईल.